दुसरा पडदा

परळच्या त्या सभागृहात दोन पडदे होते.
एकावर फिलोमिना डाबरे सिस्टरांची चित्रं –
भाजलेला हात, चिकटलेली पट्टी, सलाईनची बाटली.
दुसऱ्यावर आम्ही.

सुरुवातीलाच एक मुलगा माईकवर सांगून गेला,
चौकोन स्कॅन करा, मनात येईल ते लिहा,
नाव दिसणार नाही.
राउंडला डॉक्टरांच्या चार पावलं मागे
ट्रे धरून गप्प चालणाऱ्या दोनशे जणी आम्ही.
आम्हाला असं सांगितल्यावर काय होणार?

मागे आवाज येत नाही.
एसी कमी करा, गुडघे गोठले.
भांडुपवाल्या कुठे बसल्यात?
जेवणात काय आहे?
पुलाव.
परत पुलाव!

हशा पिकला. सिस्टर थांबल्या.
त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं.
आधी पदर चाचपला, मग माईक.

मीही लिहिलं. खोटं कशाला बोलू?
'हे आम्ही पहिल्या वर्षालाच शिकलोय.'
हातात होतं तोवर टीचभर वाक्य,
तिथे वर गेलं आणि माणसाएवढं झालं,
त्यांच्या डोक्यावर जाऊन उभं राहिलं.
मग त्याला अंगठे आले. सात. अकरा. सतरा.
बरं वाटलं मला.

सिस्टर बोलतच होत्या,
वसईकडच्या त्या लांबवलेल्या हेलात,
'पट्टीला तुमची घाई कळते, बायांनो.
थांबायचं. ती आपणहून हात सोडते...'
आणि भिंतीवर कुणी पार्किंगचं विचारत होतं,
कुणी प्रमाणपत्र कधी देणार म्हणून.

मग एक ओळ आली :
मी एकोणीस वर्षं कोरडीच ओढत आले.

तिच्याखाली काहीच आलं नाही.
बराच वेळ.
पुलावसुद्धा नाही.

सिस्टर वळल्या. चष्मा काढून पुसला,
लावला, पुन्हा वाचलं.
'मीही, बाई,' म्हणाल्या. 'मी तर पंचवीस.'
आणि पुढची स्लाइड लावायची विसरल्या.

मी रांगभर नजर फिरवली.
प्रत्येकीच्या हनुवटीला खालून मोबाइलचा उजेड,
कुणीही असू शकेल.
फक्त शेजारच्या सुगंधा वाघधरेने
फोन मांडीवर उपडा घातला होता
आणि त्यावर हात ठेवला होता,
ताप बघावा तसा.

जेवणात पुलावच होता.

सोमवारी सकाळी, खाट तेरा.
कुंभारवाड्याचा जिग्नेश, भट्टीत भाजलेला डावा हात.
मी खिशातली वही उघडते.
'कोमट सलाईन. नीट भिजवून थांबणे –'
पुढे माझ्याच अक्षरात
'परत पुलाव'.
किती मिनिटं, ते सांगितलं तेव्हा
मी अंगठे मोजत होते.

विचारायचं कुणाला? सिस्टरांचा नंबर
शेवटच्या स्लाइडवर होता म्हणे.

सलाईन ओतते. गॉझ हळूहळू गडद होतो,
कडेकडेने, मग मध्ये.
पोरगा दात आवळून छताकडे बघतोय,
त्याला ओढण्याची सवय आहे.
माझीच.

'सुटेलसं वाटतंय का रे?'
इतक्या वर्षांत हे कुणाला विचारलं नव्हतं.
तो आधी माझ्याकडे बघतो, मग हाताकडे.
'अजून नाही,' म्हणतो.

अजून सहा खाटा बाकी.
मी स्टूल ओढते.