दोन रकाने

वहीच्या मधोमध रेघ ओढली तुळसानं.
पट्टी सापडेना, म्हणून मागाचा जुना धोटा धरला कडेला.
धोटा झिजलेला, रेघ वाकली.
म्हटलं, असू दे,
खरी हद्दही बाचीच्या पुढं अशीच वाकत जाते.

डावीकडं वडगाव, उजवीकडं शिनोळी.
मध्ये एक बस, दोन सरकारं.

डाव्या रकान्यात दोन खोल्या, सज्जा नाही.
मुद्रांक, नोंदणी, वरचा सेस,
दस्त लिहिणाऱ्याचे वेगळे,
आणि चहापाण्याचे.
हा शेवटचा आकडा तेवढा तिनं पेन्सिलीनं लिहिला.

उजवीकडं तीन गुंठे,
मातीला अजून रताळ्याचा वास.
एजंट शट्टुप्पा म्हणाला,
"सातबारा तरी वाचता येतोय की तुमास्नी तिकडं.
बिगरशेती झालंच म्हणून समजा."
'समजा'चा दर
कुठल्याच तक्त्यात मिळाला नाही.

घरपट्टी विचारायला महापालिकेत गेलो.
खिडकीतल्या बाई कन्नडमधून, मी मराठीतून,
शेवटी आकडा दोघांनाही हिंदीत सापडला.
शिनोळीच्या पंचायतीत ग्रामसेवक जेवायला गेलेला.
भिंतीवर थकबाकीदारांची यादी होती.
नाव न नाव वाचून काढलं,
वाचता येत होतं म्हणून.

रात्री बेरजा.
इकडं घर महाग, पट्टीही जास्त.
तिकडं स्वस्त, पण उद्यमबागेला यायचं म्हणजे
रोजची दोन तिकिटं,
ती काय वर्षातून एकदा भरायची नसतात.
तुझ्या मागाला तिथं वीज कशी?
ती म्हणाली, आणि कावेरीची शाळा?
दहावीनंतर कुठली म्हणायची ही पोरगी?
दोन्ही रकाने गप्प.

मग तिनं बिस्किटाच्या डब्यातनं
भाड्याच्या चिठ्ठ्या काढल्या, एकोणीस वर्षांच्या.
ज्या ज्या वर्षी पट्टी वाढली
त्या त्या वर्षी मालकांनी भाडं वाढवलं.
पट्टी आम्ही भरली,
पावती त्यांच्या नावाची.
ह्याला रकाना नव्हता,
म्हणून समासात लिहिलं, उभं, बारीक अक्षरात.
समासाची बेरीज आली
एक गुंठा आणि अर्धं जोतं.

"काय बघूलास एवढं?" ती म्हणाली.
काही नाही, म्हटलं,
आपण ह्या दोन खोल्यांची पट्टी भरभरून
कुणाचं तरी अर्धं जोतं बांधलं.

महापालिकेतनं आणलेला कोरा अर्ज
कावेरीनं पुढं ओढला.
घरात कन्नड वाचणारी ती एकटी.
"मालीकर हेसरु. म्हणजे मालकाचं नाव,"
असं म्हणून तिनं तिथं काहीतरी लिहिलं,
गोल गोल, जिलेबी घातल्यासारखं.
कुणाचं गं?
"आईचं. तुळसा हुंदरे."

तुळसानं चष्मा पुसला,
वही बाजूला सारली, अर्ज दिव्याखाली धरला.
"ह्यातला ळ कुठला?"
पोरीनं बोट ठेवलं.
"त्यांच्यातपण ळ असतोय?"
"असतोय की."
ती त्या अक्षराकडं बघत राहिली,
नातं लागतंय का बघावं तशी.

पलीकडच्या गल्लीत कुणाचा तरी माग
अजून चालू होता.
मी पेन्सिलीचा आकडा पुसला,
पुन्हा लिहिला, थोडा वाढवून.
उद्या अकराला
शिनोळीचा ग्रामसेवक भेटतो म्हणे.