हातचा

मी आकडे लिहिते. ओउलूत, बंदराकडच्या गल्लीत,
बंद पडलेल्या गळांच्या दुकानावर माझं ऑफिस.
खेळ मी खेळत नाही.
खेळ बनवणारे माझ्याकडे येतात पावत्यांची पिशवी घेऊन,
माणसं दातांच्या डॉक्टरकडे जातात तसे,
फार उशिरा.

ओस्मो विल्हुनेन आला फेब्रुवारीत.
चौघं जण, सहा वर्षं, एक व्हिडिओ गेम:
रात्री बर्फ हटवणारा ट्रक चालवायचा,
शाळेची बस यायच्या आत रस्ता मोकळा करायचा.
बस्स. शत्रू नाही, बंदूक नाही.
बसचा ड्रायव्हर हात हलवतो, तेवढंच बक्षीस.
बर्फाचे एकेचाळीस आवाज.
ते टिपायला हेल्वी नावाची मुलगी दोन हिवाळे
मायक्रोफोनला लोकरी मोजा घालून हिंडली.
(मोजे, सोळा जोड. खर्च मी मान्य केला.)

गुरुवारी सकाळी दहाला खेळ बाजारात आला.
सव्वादहाला एका बड्या कंपनीनं
आपला ड्रॅगनवाला खेळ निम्म्या किमतीत काढला.
पहिल्या तासात एकोणीस प्रती,
त्यातल्या चार, चौघांच्या आयांनी घेतलेल्या.
महिनाअखेर तेराशे बारा.
हिशेब बसायला हवे होते चाळीस हजार.
पैसे परत मागताना एकानं लिहिलं,
"बर्फ अगदी खरा आहे. मी रोज हेच करतो.
घरी येऊन पुन्हा?"

तोटा झाला की शहाण्यांना तोटा नसतो.
किंमत जास्त ठेवली, एक म्हणाला.
कमी ठेवली, दुसरा; स्वस्तावर विश्वास कोण ठेवतो?
चित्र फिकं. नाव लांबलचक.
ऑक्टोबरात काढायला हवा होता.
ट्रकऐवजी कुत्रा हवा होता.

मी कपाटातून दुसरी फाइल काढली.
वेइको हापानिएमी. त्याच्या खेळात एक अस्वल,
आपण त्याचे दात घासायचे, ते घासू देत नाही.
पैजेवर केलेला, तीन आठवड्यांत.
ब्राझीलमधली एक मुलगी कॅमेऱ्यापुढे खेळता खेळता
हसून खुर्चीवरून पडली,
आणि सकाळपर्यंत अर्धं जग अस्वलापुढे तोंड आ करून बसलेलं.
नऊ लाख प्रती.
मग परिषदा. मंचावर वेइको बोटं मोजत सांगायचा:
योग्य वेळ, योग्य किंमत, पहिली तीस सेकंदं.
माझ्यासमोर सही करताना मात्र पेन थांबलं.
"रैया, ती पडली नसती तर?"

पुढं त्यानं साठ माणसं घेतली, नदीकाठी काचेची इमारत,
अस्वलाचा दुसरा भाग, आधीपेक्षा कितीतरी देखणा.
या वेळी खुर्चीवरून कुणी पडलं नाही.
त्याचीही पिशवी आता माझ्याकडेच.

बेरीज शिकताना बाई म्हणायच्या, हातचा विसरू नका.
वरच्या कोपऱ्यात बारीक लिहायचा तो एक,
जो उत्तरात दिसत नाही
आणि ज्याच्यावाचून उत्तर चुकतं.
तीस वर्षं मी तो या फायलींत शोधतेय.
ओस्मोनं तर हातचं काही राखलंच नव्हतं.

दिवाळखोरीचे कागद भरताना तो म्हणाला,
एक सर्व्हर चालू आहे अजून.
खेळातला रस्ता सगळ्यांचा मिळून एकच,
बर्फ पडतच राहतो,
एक रात्र कुणी आलं नाही तर रस्ता बुजतो, कायमचा.
सात जण येतात. रोज. कोण, कुठले, ठाऊक नाही.
महिना नऊ युरो.

नियमात बसत नाही, मी म्हटलं.
आणि खरंच बसत नाही.
त्या नऊ युरोंचं पुढं काय झालं
ते कुठल्याच रकान्यात नाही.

मे महिना आहे. बाहेर बर्फ सरला,
रात्रही जवळजवळ सरली.
काल ओस्मोचा निरोप आला, एका ओळीचा:
आज आठ होते.

आठवी मी नव्हे.
मला अजून गिअर सापडत नाही.