डाव्या बाजूचा पत्रा

या, बसा. त्या खुर्चीवरच्या बोक्याला मात्र उठवू नका,
वर्कशॉपातला शेवटचा कामगार आहे तो.
जिनिव्हाहून आलात, लिलाववाल्यांकडून,
पांढरे हातमोजे घालून.
आम्ही हिला हात लावायचो तेव्हा
बोटांना वंगण असायचं, आणि दुपारच्या सलामीचा वास.

हीच ती. एकोणसत्तरची, नारिंगी, बारा सिलिंडरची.
हिच्या अंगाचा नकाशा कागदावर कधी नव्हताच.
एक लाकडी सांगाडा, वाळू भरलेली चामड्याची पिशवी,
आणि उस्ताद ओरियानोचं एकच वाक्य:
डोळ्याला बोचलं तर चुकलं.
बावीस वर्षांचा होतो. सपाट ॲल्युमिनियम
ठोकत ठोकत वळवलं, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसं
डोळे मिटून तपासलं.
उजव्या कानानं मला आता ऐकू येत नाही, ते त्या दिवसांचं.
तुम्ही डावीकडे बसा.

मग तेल महागलं. रविवारी गाड्या बंद,
मोदेना सगळं सायकलवरून चर्चला.
गॅलनानं पिणारी ही, हिला कोण विचारतो?
दंतवैद्य झानारिनीनं घेतली ट्रॅक्टरच्या भावात,
तेही जुन्या ट्रॅक्टरच्या.
त्याची बायको म्हणाली, लाखाचे बारा हजार असे होतात.
तो म्हणाला, हौसेला मोल नसतं.
कोठारात कोंबड्या बसायच्या हिच्या बॉनेटवर.

एकोणनव्वदला फोन यायला लागले,
न बघता सौदे, फोटोवर बयाणा.
तीन वर्षांत फुगा फुटला, आणि ज्यांनी शेवटी घेतल्या
त्यांच्या गाड्या बँकेच्या आवारात धूळ खात उभ्या.
आता तुम्ही सांगता तो आकडा
लीरात करून बघितला मी काल रात्री,
कॅल्क्युलेटरच्या खिडकीत मावला नाही.

तर तुमचा प्रश्न:
पत्रा मूळचाच ना?

नाही.
पंच्याहत्तरचा नोव्हेंबर. धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना.
झानारिनी कालव्याच्या वळणावर तुतीच्या झाडात शिरला.
डावा मडगार्ड कागदासारखा चुरगळला.
अकरा रात्री लागल्या नवा करायला.
पैसे त्याच्याकडे नव्हते,
त्यानं माझ्या बायकोचे दात करून दिले, वरचे चार.
नीवेस त्या दातांनी चाळीस वर्षं हसली.
त्याची पावती नाही माझ्याकडे.

मोजा तुमच्या यंत्रानं, रंगाची जाडी तीच निघेल.
सांगाडा तोच, हातोडी तीच, माणूसही तोच,
फक्त सहा वर्षांनी शहाणा.
खरं सांगू? उजवी बाजू शिकाऊ पोराची आहे.
हेडलाइटच्या वर बोट फिरवा, किंचित बोचतं.
डावी कानामागून आली आणि तिखट झाली.

तुम्ही फोन लावता, बाहेर चिनाराखाली फेऱ्या मारता,
फ्रेंचमध्ये कुणाशी तरी हळू बोलता.
परत येऊन म्हणता, ‘त्याच कारागिराच्या हातचं’
एवढंच लिहिलं तर चालेल, सही करा,
बाकीचं कुणी विचारणार नाही.

पेन छान आहे तुमचं. जड आहे.

नाही, लिहा सगळं. तारीख लिहा, धुकं लिहा.
दातांचं नाही लिहिलं तरी चालेल.
ओरियानो वर बसून वाचत असेल, त्याला बोचायला नको.

किती उतरेल भाव?
सहा लाख?

म्हणजे ते तुतीचं झाड सहा लाख युरोचं होतं.
पंच्याऐंशीच्या बर्फात तोडलं मी ते, सरपणाला.
फेब्रुवारीपर्यंतसुद्धा पुरलं नाही.