बावीसवं मशीन

यादीत एकवीस होते.
गोंदियाहून निघताना साहेब म्हणाले,
सर्व्हरवरून आपोआप सुटेल, तू फक्त बघायचं.
अर्जुनीत पोचलो तर नेटची तार
जेसीबीनं तीन दिवसांआधीच तोडलेली.
मग हार्ड डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून
मी या टेबलावरून त्या टेबलावर,
एका वाटीतलं विरजण एकवीस गंजांत लावत.

बांधकाम, आरोग्य, रोजगार हमी, लेखा.
सगळ्या पडद्यांवर एकच प्रश्न थांबलेला:
आता, की नंतर?
चार वर्षं सगळ्यांनी नंतरच दाबलंय.
कापगते बाबू म्हणाले,
"आता दाबलं तं हे गुमान बसते दोन घंटे.
नंतर दाबलं तं कामं होते जी."

सहावं सत्तर टक्क्यांवर असताना लाइट गेली.
फागू मडावीनं जनरेटरची दोरी सात वेळा ओढली,
आठव्यांदा गोंडीत शिवी घातली,
तेव्हा ते सुरू झालं.
अहवालात यासाठी रकाना नव्हता.

सांजेला एकवीस पूर्ण. सही, शिक्का.
तर फागूनं आवक-जावकच्या मागचं दार उघडलं:
"अन् याचं काय करता?"

देवांगना लांजेवार बाईंचं मशीन.
झालर लावलेली शिवलेली टोपी घातलेलं,
कुठल्याच यादीत नसलेलं.
आत सतरा वर्षांची पत्रं, याद्या, दाखले,
अशा फॉन्टात, ज्याची कंपनी केव्हाच बुडाली.

"हात नोका लावू. सप्टेंबरात मी रिटायर.
माह्या संगं यालेबी जाऊ द्या."

जाऊ दिलं असतं. शेवटची एसटी होती.
पण तोंडातून निघून गेलं,
बाई, सप्टेंबरनंतर हे वाचणार कोण?
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
आणि परत घातला नाही.

पहिली फाइल नव्यात उघडली:
कंस, टक्के, डॉलर, उलटे स्वल्पविराम.
"बाप्पा," फागू म्हणाला,
"पुरं गावच बरळून राह्यलं."
कन्व्हर्टर चालवला. अक्षरं एकेक करून परतली,
दमलेली, पण ओळखू येणारी.

चूक बाईंनी पकडली, चष्म्याशिवाय.
कुऱ्हाडटोल्याचं झालं होतं कुर्हाडटोला.
पऱ्हे वाटपाचं, पर्हे वाटप.
"र आडवा होता जी, ह-च्या बाजूनं, इळ्यावानी.
हा तं उडून डोक्शावर बसला.
असं कोण बोलते?"

खरंच कोणी बोलत नाही.
पऱ्हे म्हणताना जीभ र-वर नुसती टेकते,
बांधीच्या गाळात पाय ठेवला न ठेवला
तोच उचलावा, तशी.

तीनशे अकरा जागा.
एका कळीत सगळ्या बदलता आल्या असत्या,
पण मधेच अर्हता यायची,
पात्रतेचा तो र वरच बसायला हवा,
आणि गऱ्हाण्याचा मात्र आडवाच.
मशीनला हा फरक कुठून कळावा.
म्हणून मी एकेक ओळ वाचत गेलो
आणि बाई डोळे मिटून सांगत गेल्या:
खाली. खाली. हा राहू द्या. खाली.

मधे फागूनं मुरमुरे आणले, तिखट-तेलाचे.
कीबोर्डच्या फटीत दोन दाणे पडले,
ते अजून तिथंच असतील.

अकराला संपलं. पडद्यानं विचारलं,
आता, की नंतर?
बाईंनी माऊसवरचा माझा हात बाजूला सारला,
टोपीची झालर नीट घडी करून मांडीवर ठेवली,
मग दाबलं.

परवाने एकवीसच होते.
बावीसाव्याला मी माझ्या लॅपटॉपचा दिला.
अहवालात लिहिलं: एकवीस, सर्व सुरळीत.

तेव्हापासून माझा लॅपटॉप
रोज सकाळी परवाना मागतो.
मी नंतर दाबतो.