खरखर

माझं दुकान साखरीनाट्याच्या धक्क्यावर.
ट्रॉलरचे वायरलेस दुरुस्त करतो. म्हणून केळुसकर मॅडम
मलाच शोधत आल्या: इब्राहीमभाई,
आवाजावरून तुम्ही सेट ओळखता म्हणे?
म्हटलं, सेट नाही. सेटचं दुखणं.

वर सड्यावर त्यांनी सांगाडा उभा केला होता,
बांगडे सुकवायच्या मांडवासारखा, नुसता.
खाली लोखंडाची जाळी अंथरलेली.
जवळच कातळात कोरलेला मासा,
कोणी कोरला, कधी, गावात कुणालाच ठाऊक नाही.
तेवढा सोडून जाळी वळवली होती.
मी विचारलं, यात काय लागतं?
त्यांच्यातला पोरगा, श्रीहर्ष, म्हणाला,
तारे नव्हते तेव्हाचं.

मग उन्हात बसून सांगत राहिला.
नुसता हायड्रोजन. काळोख. मग कुठेतरी पहिला तारा पेटला
आणि त्या वायूनं आभाळाच्या खरखरीतला
एक घास गिळला.
तो घास अजून कमी आहे.
खंडीभर भातात एक दाणा कमी,
आणि आपण तो नसलेला दाणा मोजायचा.
मी कान खाजवला. आमच्याकडे
शिशाचा गोळा सोडून खोली बघतात,
इतके वाव, खाली रेती की चिखल.
यांचा गोळा अजून खाली चाललाय.

चैत्रभर मी गाव गप्प करत फिरलो.
बर्फाच्या कारखान्याची मोटर खोकायची, तिचे ब्रश बदलले.
मशिदीच्या पायरीवरची ट्यूब,
देवळातली दिव्यांची चिनी माळ,
सरपंचांचा चार्जर.
वासुदेव पावसकरांच्या कलमांभोवती माकडांसाठी विजेचं कुंपण,
टक्, टक्, सेकंदाला एक.
आठ रात्री त्यांनी बंद ठेवलं. नवव्या दिवशी
चार पेट्यांचा आंबा फस्त.
काठीला टेकून म्हणाले,
तुमच्या त्या पहिल्या ताऱ्याला बिल पाठवू काय?

सगळं निवलं, तरी एक राहिलं.
मध्यरात्र उलटली की यायचं,
अर्धा-पाऊण तास थांबायचं, जायचं.
केबल तपासल्या. पेटीतल्या मुंग्या झाडल्या.
शेवटी मी हेडफोन लावला, डोळे मिटले:
अरबी बातम्या. मग मल्याळम गाणं.
मग मस्कतच्या कुठल्याशा दुकानाची
टायरची जाहिरात, हिंदीत.

मॅडम म्हणाल्या, या दिवसांत
समुद्रावर गरम हवेची पन्हळ होते.
वर निघून जायची ती लाट आडवी वाहत येते,
पोफळीच्या पन्हळीतून बागेत पाणी यावं तशी.
आणि श्रीहर्षला: दोन दहा ते दोन त्रेचाळीस. काट मार.

दोन दहा. म्हणजे तिकडे बारा चाळीस.
माझा धाकटा, याकूब, एकोणीस वर्षं तिकडे डंपर चालवतो.
शुक्रवारी फोन करतो. आवाज स्वच्छ,
इतका स्वच्छ, की मधला समुद्र ऐकूच येत नाही.
आणि इथे समुद्र होता. अख्खा. कानात.

पावसाआधी त्यांनी मांडव सोडला.
दाणा मिळाला का?
अजून मोजतोय, श्रीहर्ष म्हणाला, दोन-तीन वर्षं तरी.
कातळात बोल्टांची आठ भोकं उरली, माशाच्या शेपटीकडे.
निघताना मी मागून घेतली
ती काट मारलेली मिनिटं.
मॅडमनी पेनड्राइव्हवर भरून दिली. फोल्डरचं नाव, कचरा.

दुकानात लावतो. खलाशी म्हणतात, चाचा, सेट बिघडला.

याकूबला सांगितलं, रात्री तुझ्या गाडीत वाजतं ना,
ते मी इथे ऐकलं.
तो हसला. त्या वेळी मी झोपलेला असतो, म्हणाला,
आणि गाडीतला रेडिओ दोन वर्षं बंदच आहे,
तू येऊन बघणार होतास.