घायपात

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडं,
म्हणून आधी बर्फ मोजला.
नरसव्वाच्या फ्रिजातून तीन वाट्या,
घरचे दोन ट्रे, त्यातल्या एकाला मटणाचा वास.
मे महिना. पत्र्याखाली त्रेचाळीस.
बाटली पुण्याहून आणलेली, बनियनमध्ये गुंडाळून,
एसटीत सगळी वाट मांडीवर,
झोपलेल्या पोरासारखी.

बारमध्ये माझ्या हाताशी सगळं असतं,
मापं, गाळण्या, हलवायचं चकचकीत भांडं,
मागून ओरडणारा मॅनेजर.
इथं खोकल्याच्या औषधाचं झाकण. दहा एमएल.
एका ग्लासाला सहा झाकणं टकिला,
दीड लिंबू, पातळ सालीचं,
आणि संत्र्याची दारू, ती कुठून आणायची?
श्रीशैल म्हणाला, लिमलेटच्या गोळ्या आहेत की बे,
आणि सोळा गोळ्या खलबत्त्यात कुटल्या.
खलबत्ता पुसला नव्हता. लसूण उतरला थोडा.
हलवायला त्याचाच जिमचा डबा,
झाकण गळकं, वर फडकं धरून
वीस हेलकावे. हात बधिर झाले
तेवढाच काय तो गारवा.

काठाला मीठ लावतात, मी सांगितलं.
त्यानं मिठाची बरणी सारली पलीकडं,
ताटलीत शेंगाचटणी पसरली,
लिंबू फिरवलेला ग्लास पालथा दाबला तिच्यात.
काठ लालभडक झाला, तेलानं चकाकला.
सोलापूर हाय बे हे, म्हणाला.

आई उंबऱ्यावर, पाठ आमच्याकडं.
अण्णा गेल्यापासून बाटलीकडं तोंड करून
ती बसत नाही.
घरात करू का, मी विचारलं होतं.
बाहेर पडून राहण्यापेक्षा घरात कर, म्हणाली,
आणि मेथीची जुडी घेऊन तिकडं वळली.

मी श्रीशैलला माहिती देत होतो,
गिऱ्हाइकाला देतो तशी, जरा आवाज लावून.
ही उसाची नाही, द्राक्षाची नाही.
बांधावर घायपात असतं ना,
त्याच्याच भावकीतलं एक झाड आहे तिकडं.
सात-आठ वर्षं थांबतात,
मग पाती छाटून मधला गड्डा भाजतात...

घायपाताची?
मेथी निवडणं थांबलं होतं.

उळ्याच्या ओढ्यात पाती कुजत घालायचो आम्ही,
आई म्हणाली, अजून पाठ तशीच.
पंधरा दिवसांनी बडवायची दगडावर.
वास असा की कुत्रं येत नव्हतं जवळ.
कोपरापर्यंत खाज, रात्रभर खाज,
मी नऊ वर्षांची.
आजा तुझा दोर वळायचा,
बेंदराच्या आधी घरोघर कासरे, दावी,
बदल्यात ज्वारी, पाटी उंबऱ्याबाहेर ठेवायची,
वरून ओतायचे.
मग नायलॉन आलं.
बरं झालं आलं.

नरसव्वा आत आली, बर्फाची वाटी परत न्यायला,
बागुंदा? विचारलं तिनं, ग्लासाकडं बघत.
कुणी उत्तर दिलं नाही.

आई उठली. माझ्या हातातला ग्लास घेतला.
नाकाशी नेला, थांबली,
बाजारात आंबा हुंगते तसा
आणखी एकदा हुंगला.
कुजलं नाही नीट, म्हणाली.

आई, कुजवत नाहीत गं, भाजतात.

तेच म्हणते मी.
मग बोटानं काठावरची चटणी पुसून घेतली,
जिभेवर ठेवली.
मीठ कमी आहे.
आणि ग्लास परत दिला,
एक थेंब न सांडता, दोन्ही हातांनी,
आजाच्या पाटीत ज्वारी ओतणाऱ्यांनी
कधी दिली नसेल तशी.

आम्ही प्यालो. गोड जास्त झालं होतं, लसणाचं होतं,
चटणी घशात अडकून श्रीशैलला ठसका लागला.
दुसरा करायला बर्फ नव्हता.

आई पुन्हा उंबऱ्यावर, या वेळी आमच्याकडं तोंड करून,
मेथी संपवत.
मधूनच कोपर खाजवत होती.