तोरोन

फळ्यावर मी लिहिलं: माझं शरीर म्हणजे
आणि पुढे तीन टिंबं. वेळ अर्धा तास.

आवा कोन्तानं लिहिलं, चंद्र.
दिकोरेनं हरिणी. मागच्या बाकावरच्या दोघींनीही हरिणीच,
एकीच्या हरिणीला शिंगं होती,
तिला मी एक गुण जास्त दिला.

पेंदा जेनेपो पेन चावत बसली.
कोळ्याची पोर.
इथे बाई भरलेली लागते, दंड गोल, गळ्याला वळ्या.
पेंदाला गल्ली म्हणते काटा,
मासा खाऊन झाल्यावर ताटात उरतो तो.
तिची आई तिला रात्री उठवून
दूध-बाजरीची पेज पाजते, नाक दाबून.

घंटा झाली तेव्हा वहीत चारच ओळी:

माझ्या फासळ्या बाहेर आल्यात
मशिदीच्या भिंतीतून ताडाची लाकडं येतात तशा.
त्यांना कुणी आत ढकलत नाही.
लिंपणारे त्यांच्यावरच पाय देऊन चढतात.

मी लाल पेन उघडलं.
समासात लिहिलं, 'उपमा धाडसी'. मग तेही खोडलं.
इमामसाहेबांच्या कानावर गेलं तर?
पोरीच्या बरगड्या आणि अल्लाचं घर, एका वाक्यात.
खरं सांगायचं तर भीती ती नव्हती.

माझ्या खणात एक ट्यूब असते.
दर महिन्याला बामाकोच्या बसमधून येते,
चिकटपट्टीच्या खोक्यात, भावजयीच्या अक्षरात माझं नाव.
चेहरा दोन छटा उजळलाय.
बोटांचे सांधे ऐकत नाहीत, ते काळेच.
वजू करताना मी सांधे घाईनं धुते,
शेजारणीची भांडी धुवावीत तसे.

लिंपणाच्या दिवशी अंधारातच ढोल वाजले.
कित्येक दिवस कुजवलेला चिखल,
त्यात भाताचा कोंडा, आंबूस वास,
पोरं टोपल्या घेऊन धावताहेत, घसरताहेत,
बायका नदीवरून पाणी आणताहेत.
मी शहरची. सावली धरून उभी.
समोर भिंत, वर्षभरात तडकलेली,
दोन बाळंतपणांनंतर पोट तडकतं तशी.
मला ओळखीच्या आहेत त्या रेषा.
त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरी ट्यूब आहे.

देवाच्या घराला भेगा पडतात
आणि गावाला लाज वाटत नाही.
गाव म्हणतं, आलं की वर्ष. चिखल आणा.

वर लाकडांवर पेंदाचा भाऊ,
एक पाय या फासळीवर, एक त्या,
तळहातानं भिंत थोपटत होता,
बाळाला ढेकर काढतात तशी.
खाली पेंदा. डोक्यावर बादली, मान ताठ,
थेंब सांडत नव्हता.
'बाई, हात लावा,' म्हणाली.
बादली उतरवायला. एवढंच.

मी हात लावला. मग हात तिथेच राहिला,
दुपारपर्यंत, कोपरापर्यंत.
सगळ्यांचे सांधे एकाच रंगाचे.

ट्यूब फेकली असं लिहिलं तर खोटं होईल.
ती खणातच आहे, अर्धी पिळलेली.
पेंदाची वहीही माझ्याकडेच आहे.
गुणांची चौकट रिकामी.
पानाच्या कोपऱ्यात चिखलाचं बोट उमटलंय, माझंच.
वाळताना त्याला
बारीक भेग पडली.